शोध कोणाच्या नावावर?



हळदीच्या पेटंटची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. जखमेवर हळद दाबली की ती भरून येते, हे आपल्या आजीबाईच्या बटव्यातलं ज्ञान. त्यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनं, म्हणजे सीएसआयआरनं, त्याला हरकत घेतली, जुने ग्रंथ आणि जुने शोधनिबंध पुराव्यादाखल पुढे ठेवले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते, त्यामुळे महाराष्ट्रात तर ही लढाई घरोघर पोचली. शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांमध्ये ती अजूनही लढली जाते. पण ते पेटंट होतं कोणाचं, असं मी विचारलं की बहुतेक जण बेधडक सांगतात, 'एका बहुराष्ट्रीय कंपनीचं.' तसं नव्हतं. शोध लावणारे म्हणून त्यावर भारतीय वंशाच्या दोन शास्त्रज्ञांची नावं होती आणि मालक म्हणून नाव होतं मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राचं. एका विद्यापीठाचं!

पेटंटच्या कागदावर हे दोन रकाने वेगळे असतात. एकात शोध लावणाऱ्याचं नाव, दुसऱ्यात मालकाचं. सातबाऱ्यावर जमीन कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यात कूळ कोण आहे, हे जसं वेगवेगळं लिहिलेलं असतं, तसंच काहीसं. शेतीच्या बाबतीत 'कसेल त्याची जमीन' हा वाद आपल्याकडे कायद्यापर्यंत गेला. प्रयोगशाळेच्या बाबतीत तो अजून घरातल्या गप्पांपर्यंतही आलेला नाही. यायला हवा. कारण आता आपल्या ओळखीपाळखीत पीएच.डी. करणारी एखादी भाची, एखादा शेजारचा मुलगा असतोच. उद्या त्याच्या हातून काही वेगळं घडलं, तर ते कोणाचं? त्याचं, त्याच्या मार्गदर्शकांचं, विद्यापीठाचं, की ज्यांच्या करातून शिष्यवृत्ती दिली गेली त्या तुमचं-आमचं?

मी रसायनशास्त्राचा शिक्षक. काही वर्षं एका विद्यापीठाच्या बौद्धिक संपदा समितीवरही होतो. नाव भारदस्त आहे. काम मुख्यतः कागद वाचण्याचं. त्या कागदांमध्ये रस वाटायला लागला तो एका जुन्या हकिगतीमुळे. ती जरा सविस्तर सांगतो.

साल १९४३. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातलं रटगर्स विद्यापीठ. तिथे मातीतल्या सूक्ष्मजीवांचे नामवंत अभ्यासक डॉ. सेलमन वॅक्समन यांची प्रयोगशाळा होती, आणि त्यांच्या हाताखाली अल्बर्ट शॅट्झ नावाचा २३ वर्षांचा विद्यार्थी पीएच.डी.चं काम करत होता. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा. लष्करी रुग्णालयात काही महिने जंतुशास्त्राचं काम केलेला, पाठीच्या दुखण्यामुळे लष्करातून मोकळा झालेला. महिन्याला ४० डॉलर मिळायचे. क्षयाच्या जिवंत, जहाल जंतूंवर काम करायचं म्हणून त्याची जागा तळघरात. कित्येकदा रात्री तो तिथेच झोपायचा. त्या ऑक्टोबरात त्याला एका सूक्ष्मजीवाचे दोन वाण मिळाले. एक भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतून, दुसरा कोंबडीच्या घशातून घेतलेल्या नमुन्यातून. ते वाण जे द्रव्य तयार करत होते, त्यानं क्षयाच्या जंतूंची वाढ थांबत होती. पेनिसिलिनला जे जमलेलं नव्हतं, ते इथे घडत होतं. त्या द्रव्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिन.

ज्यांच्या घरातलं कोणी मिरजेला किंवा पाचगणीला क्षयाच्या आरोग्यधामात महिनोन्‌महिने राहून आलं असेल, त्यांना या नावाचं मोल सांगायला नको. त्याआधी क्षयाला हवापालट, दूध-अंडी आणि नशीब एवढीच औषधं होती. पुढे साठच्या दशकात आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागलं. म्हणजे रटगर्सच्या तळघराचा एक धागा पुण्याच्या वेशीपर्यंत आलेला आहे.

जानेवारी १९४४ मध्ये या शोधाची माहिती देणारा निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर पहिलं नाव शॅट्झचं, दुसरं एलिझाबेथ ब्यूगी या सहकारी विद्यार्थिनीचं आणि तिसरं वॅक्समन यांचं. पेटंटचा अर्ज झाला तेव्हा मात्र नावं दोनच राहिली, वॅक्समन आणि शॅट्झ. ब्यूगीबाई मधल्या मध्ये गळल्या. मग त्या दोघांनी आपापले हक्क रटगर्सच्या संशोधन निधी संस्थेकडे सुपूर्द केले. किती मोबदल्यात? प्रत्येकी एक डॉलर.

या एका डॉलरचं आपल्याला नवल वाटतं, पण कराराला काहीतरी मोबदला लागतो, म्हणून ठेवायचा हा सव्वा रुपया. इन्सुलिनच्या संशोधकांनीही १९२३ साली आपले हक्क टोरांटो विद्यापीठाला असेच एकेका डॉलरला दिले होते. त्यामागची भावना उदात्त होती: औषध एखाद्याच्या मुठीत राहू नये. शॅट्झनंही त्याच भावनेनं सही केली. यातून कोणालाच वैयक्तिक पैसा मिळणार नाही, अशी त्याची समजूत होती.

इथे विद्यापीठाच्या मालकीची जमेची बाजू आधी सांगितली पाहिजे, कारण पुढे मी टीका करणार आहे. वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेला मर्क ही औषध कंपनी मदत करत असे, आणि त्या बदल्यात तिथल्या शोधांवर मर्कचा एकट्याचा हक्क ठरलेला होता. औषधाची ताकद लक्षात आल्यावर वॅक्समन यांनीच कंपनीला गळ घातली की, हा एकाधिकार सोडा. आणि मर्कनं तो सोडला. मालकी विद्यापीठाच्या संस्थेकडे गेली, तिनं अनेक कंपन्यांना परवाने दिले, उत्पादन वाढलं, किंमत उतरली. मालकी मर्ककडेच राहिली असती, तर हे इतक्या लवकर झालं असतं असं मला वाटत नाही. तेव्हा 'विद्यापीठानं पेटंट घेणं म्हणजे ज्ञानाचा बाजार' असं जे सरसकट म्हटलं जातं, ते मला पटत नाही. पेटंट कोणाकडे आहे यापेक्षा ते घेऊन तो पुढे काय करतो, हे पाहावं लागतं.

आता दुसरी बाजू. शॅट्झला जो कागद दाखवला गेला, त्याशिवाय आणखी एक कागद होता. संस्थेशी झालेल्या स्वतंत्र करारानुसार परवान्यांतून येणाऱ्या रकमेतला २० टक्के वाटा वॅक्समन यांना मिळत होता. शॅट्झला याचा पत्ता नव्हता. मध्यंतरी वॅक्समन यांनी त्याला प्रत्येकी ५०० डॉलरचे तीन धनादेश पाठवले होते, आपल्याकडून म्हणून. ते कशाबद्दल, असा प्रश्न त्याला पडला आणि तिथून संशयाला सुरुवात झाली. मार्च १९५० मध्ये त्यानं न्यायालयात धाव घेतली. गुरूविरुद्ध शिष्यानं खटला भरावा, हे त्या काळात अमेरिकेतही अब्रह्मण्यम्‌ होतं. सुनावणीच्या तयारीत उघड झालं की वॅक्समन यांना तोवर सुमारे साडेतीन लाख डॉलर मिळालेले आहेत.

त्याच वर्षाच्या अखेरीस तडजोड झाली. शॅट्झला कायद्यानं सहसंशोधक मानलं गेलं. त्याला परदेशातल्या हक्कांपोटी १ लाख २० हजार डॉलर आणि पुढच्या उत्पन्नात ३ टक्के, वॅक्समन यांना १० टक्के, आणि ७ टक्के प्रयोगशाळेतल्या बाकीच्या सगळ्यांत वाटायचे, अगदी काचसामान धुणाऱ्या कर्मचाऱ्यापर्यंत. उरलेले ८० टक्के विद्यापीठाचे. त्या पैशातून रटगर्समध्ये सूक्ष्मजीवशास्त्राची एक मोठी संस्था उभी राहिली. आज तिला वॅक्समन यांचंच नाव आहे. वॅक्समन यांनी आपल्या वाट्यातला निम्मा भाग एका प्रतिष्ठानाला दिला, हेही नोंदवायला हवं.

शॅट्झला पैसे मिळाले आणि दारं बंद झाली. खटलेबाज म्हणून नाव झाल्यावर पहिल्या प्रतीच्या प्रयोगशाळा त्याला घेईनात. १९५२ सालचं नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांना मिळालं. रटगर्सनं शॅट्झला आपलं पदक दिलं ते १९९४ मध्ये, त्या तळघरातल्या ऑक्टोबरनंतर ५१ वर्षांनी.

या भांडणात खरा संशोधक कोण यावर पुस्तकं लिहिली गेली आहेत. प्रयोगशाळा वॅक्समन यांची, पद्धत त्यांची, मातीतल्या जंतूंमध्ये औषध शोधायचं ही दिशा त्यांची. हात, जागरणं आणि जिवाचा धोका शॅट्झचा. दोघांचंही खरं आहे. मला त्यात जो दोष दिसतो, तो साधा आहे. एकाच शोधाचे दोन करार होते, आणि त्यातला एक प्रयोगशाळेतल्या सगळ्यात लहान माणसापासून झाकून ठेवलेला होता. २० ऐवजी ५ टक्के असते तरी मी हेच म्हटलं असतं.

अशा संस्थांची सुरुवात थोडी आधीची आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक हॅरी स्टीनबॉक यांनी १९२३-२४ च्या सुमारास अतिनील किरणांनी अन्नपदार्थांतलं ड जीवनसत्त्व वाढवण्याची रीत शोधली. मुलांच्या मुडदुसावर हा मोठाच उपाय होता. त्यांनी पदरचे ३०० डॉलर घालून पेटंटचा अर्ज केला, एका बड्या खाद्यकंपनीनं देऊ केलेली भली मोठी रक्कम नाकारली, आणि १९२५ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या मदतीनं पेटंट सांभाळणारी स्वतंत्र संस्था उभी केली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की 'वॉर्फ' होतं. श्रोत्यांपैकी कोणी रक्त पातळ राहावं म्हणून वॉर्फरिनची गोळी घेत असतील, तर त्या नावातलं 'वॉर्फ' हेच. पुढे त्याच विद्यापीठात लागलेला तो शोध. सुरुवातीला मात्र ती गोळी उंदीर मारायला वापरत.

पुढची मोठी घडामोड १९८० सालची. अमेरिकेत सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी तोवर बहुधा सरकारकडे जायची. सरकारजवळ अशी सुमारे २८ हजार पेटंटं साठली होती आणि त्यातली ५ टक्केसुद्धा कोणी वापरायला घेतलेली नव्हती. बर्च बे आणि बॉब डोल या दोन सिनेटरांच्या नावानं ओळखला जाणारा कायदा आला, आणि विद्यापीठांना अशा शोधांची मालकी स्वतःकडे ठेवायची मुभा मिळाली. अट एक, की मिळकतीतला वाटा संशोधकाला द्यायचा. किती द्यायचा, हे कायद्यानं सांगितलं नाही. मग प्रत्येक विद्यापीठानं आपापलं धोरण लिहिलं. स्टॅनफर्डची वाटणी प्रसिद्ध आहे: १५ टक्के कार्यालयीन खर्चाला काढायचे आणि उरलेल्याचे तीन सारखे भाग करायचे, एक संशोधकाला, एक त्याच्या विभागाला, एक त्याच्या विद्याशाखेला. गूगल ज्या पद्धतीवर उभं राहिलं, तिचं पेटंट याच स्टॅनफर्डच्या नावावर होतं. परवान्याच्या बदल्यात विद्यापीठानं कंपनीचे समभाग घेतले आणि २००५ पर्यंत ते विकून ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळवले. अशी उदाहरणं ऐकून जगभरच्या कुलगुरूंना स्वप्नं पडू लागली. बहुतेक विद्यापीठांना पेटंटमधून असं काही मिळत नाही. कित्येकांचा तर पेटंट सांभाळण्याचा खर्चही भरून निघत नाही. पण लॉटरीच्या दुकानावर पाटी लागते ती बक्षीस लागलेल्याचीच.

याच स्टॅनफर्डला एका वाक्यानं कसं जमिनीवर आणलं, ते ऐकण्यासारखं आहे. १९८८ मध्ये मार्क हॉलोडनी हे संशोधक तिथे रुजू झाले. त्यांनी विद्यापीठाच्या कागदावर सही केली. त्यात लिहिलं होतं, माझ्या शोधांचे हक्क विद्यापीठाला देण्याचं मी कबूल करतो. मग एचआयव्हीच्या कामासाठी पीसीआर हे तंत्र शिकायला ते सीटस नावाच्या कंपनीत जाऊ लागले. करोनाच्या दिवसांत आपण सगळ्यांनीच नाकात काडी घालून ज्या चाचणीचं नाव पाठ केलं, तिच्यातलंच हे पीसीआर. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांकडून कंपनी एक कागद भरून घेत असे. त्यात लिहिलं होतं, इथल्या कामातून जे निघेल त्याचे हक्क मी देईन आणि याद्वारे देत आहे. हॉलोडनी यांनी त्यावरही सही केली. पुढे रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण मोजण्याची पद्धत तयार झाली, स्टॅनफर्डनं तिची पेटंटं घेतली, सीटसचा पीसीआरचा व्यवसाय रोश या बड्या कंपनीनं विकत घेतला, आणि २००५ मध्ये स्टॅनफर्डनं रोशवर दावा लावला.

आता फ्लॅट घेतलेल्या कोणालाही मी वेगळं समजावून सांगायला नको. विद्यापीठाजवळ होतं ते साठेखत, कंपनीजवळ होतं ते खरेदीखत. 'देण्याचं कबूल करतो' आणि 'याद्वारे देत आहे' यांत जेवढं अंतर, तेवढ्यावर निकाल फिरला. स्टॅनफर्डनं शेवटी १९८० च्या कायद्याचा आधार घेऊन पाहिला: सरकारी पैसा होता, तेव्हा मालकी आपोआप विद्यापीठाचीच. जून २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी ते अमान्य केलं. मुख्य न्यायमूर्ती जॉन रॉबर्ट्स यांच्या निकालाचा आशय असा की, शोध आधी शोधणाऱ्याचा असतो. पैसा सरकारचा आणि छप्पर विद्यापीठाचं आहे एवढ्यानं तो त्याच्या हातून निसटत नाही. त्यानं लिहून दिला तरच तो दुसऱ्याचा होतो. निकालानंतर विद्यापीठांनी काय केलं? आपल्या छापील कागदांमधलं क्रियापद बदलून घेतलं. 'देईन' च्या जागी 'देत आहे' आलं. तत्त्व संशोधकाच्या बाजूचं ठरलं आणि छापील नमुना विद्यापीठाच्या.

मग शोध सरळ प्राध्यापकाचाच का असू नये? युरोपात अनेक देशांत बरीच वर्षं तसंच होतं. जर्मनीत २००२ पर्यंत प्राध्यापकाचा शोध प्राध्यापकाचा असे. स्वीडननं ही पद्धत अजून सोडलेली नाही. नॉर्वेनं २००३ मध्ये ती मोडली, मालकी विद्यापीठांकडे दिली आणि संशोधकाला साधारण एक तृतीयांश ठेवलं. अमेरिकेसारखी भरभराट होईल, अशी अपेक्षा. २०१८ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी नॉर्वेतल्या नोंदी तपासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उलटंच दिसलं. विद्यापीठांतल्या संशोधकांनी काढलेल्या नव्या कंपन्या आणि घेतलेली पेटंटं, दोन्ही सुमारे निम्म्यावर आली. वाटा घटला की उमेद घटते, हे कळायला अर्थशास्त्रज्ञ कशाला हवेत, असं तुम्ही म्हणाल. तरी आकडा पुढे असला की मंत्रालयात बोलता येतं. माझी शंका वेगळी आहे. प्राध्यापकांचा हा विशेषाधिकार नावाप्रमाणे प्राध्यापकांचाच. तळघरातल्या विद्यार्थ्याला त्यानं काय मिळतं? रटगर्समध्ये मालकी विद्यापीठाऐवजी वॅक्समन यांची असती, तर शॅट्झला कदाचित ते ५०० डॉलरचे धनादेशही आले नसते.

आपल्याकडे काय आहे ते पाहू. भारताचा पेटंट कायदा १९७० चा. नोकरीत असताना लावलेला शोध कोणाचा, याबद्दल त्यात कलमच नाही. कॉपीराइटच्या कायद्यात नोकरीत केलेल्या कामाची तरतूद आहे, पेटंटच्या कायद्यात नाही. पेटंटचा अर्ज करण्याचा हक्क खऱ्या आणि पहिल्या संशोधकाला, किंवा त्यानं ज्याला लिहून दिलं त्याला. त्यामुळे सगळा भार येतो तो नेमणूकपत्रावर, प्रकल्पाच्या करारावर आणि विद्यार्थ्याच्या बाबतीत प्रवेशाच्या वेळच्या हमीपत्रावर. विद्यार्थी तर नोकरही नसतो. उलट तो शुल्क भरतो. त्याच्या शोधावर विद्यापीठाचा हक्क येतो तो त्याच्या सहीतूनच.

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं मार्च २००० मध्ये आपल्या निधीतल्या प्रकल्पांसाठी सूचना काढल्या. मालकी संस्थेनं ठेवावी, संशोधकाचा वाटा एक तृतीयांशापर्यंत असावा. मग अमेरिकेच्या धर्तीवर सरसकट कायदा करायचा म्हणून डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं. त्यात संशोधकाला निदान ३० टक्के मिळावेत, असं होतं. त्यावर पुष्कळ वाद झाला. सरकारी पैशातून झालेलं काम लोकांना पुन्हा विकत घ्यावं लागेल, संशोधक मोकळेपणानं बोलायचे थांबतील, असे आक्षेप होते आणि ते पोकळ नव्हते. २०१४ मध्ये विधेयक मागे घेतलं गेलं. २०१६ मध्ये राष्ट्रीय बौद्धिक संपदा धोरण आलं, २०१९ मध्ये शिक्षणसंस्थांनी कसं धोरण करावं याचा नमुना मसुदा आला, आणि २०२१ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी पेटंटचं शुल्क ८० टक्क्यांनी उतरलं. संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत पेटंटांना गुण आहेतच. त्यामुळे अर्जांना ऊत आला आहे. काही अर्ज उत्तम असतात. काही पाहून वाटतं की, वर्षअखेर आली म्हणून भरले आहेत.

या घाईत दोन गोष्टी होतात. एक म्हणजे नावांची यादी लांबते. विभागप्रमुख, प्राचार्य, कधी संस्थेचे विश्वस्तसुद्धा! शिष्टाचार म्हणून सगळ्यांची नावं घालायला ती लग्नपत्रिका नव्हे. शोधात ज्याच्या डोक्याचा वाटा नाही, त्याचं नाव तिथे असणं ही कायद्याच्या दृष्टीनं चुकीची माहिती आहे. दुसरं म्हणजे, मालकीचा कागद न वाचता सह्या होतात. आमच्या समितीसमोर येणाऱ्या मुलांना मी विचारत असे, 'हे वाचलंस का?' बहुतेक मुलं प्रामाणिकपणे सांगत, 'नाही सर, फुली मारलेली होती तिथे सही केली.' त्या १४ पानांमध्ये 'संस्थेच्या साधनसामग्रीचा लक्षणीय वापर' असा एक शब्दप्रयोग असे. लक्षणीय म्हणजे किती? ग्रंथालय धरायचं का? वसतिगृहातलं इंटरनेट? सुटीत घरी बसून लिहिलेली आज्ञावली? चांगल्या धोरणात याचं उत्तर लिहिलेलं असतं. पुष्कळ ठिकाणी ते 'समिती ठरवील' यावर सोडलेलं असतं, आणि समितीत विद्यार्थी नसतो.

एक अडचण मुलांना फार उशिरा कळते. पेटंटला शोध नवा लागतो. अर्ज करण्यापूर्वी तुम्ही तो निबंधात छापलात किंवा तुमचा प्रबंध सर्वांना वाचायला खुला झाला, तर बहुतेक वेळा तो कायद्याच्या नजरेत जुना होतो. थोड्या सवलती आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. इकडे विद्यार्थ्याला पदवीसाठी निबंध छापायची घाई, तिकडे संस्था म्हणते थांब. किती दिवस थांब, हे धोरणात लिहिलेलं असायला हवं. नाहीतर पोरीची शिष्यवृत्ती संपते आणि अर्ज वकिलाच्या टेबलावरच असतो.

हे सगळं नुसतं कागदी भांडण वाटू नये, म्हणून जवळचं उदाहरण देतो. मुंबईच्या आयआयटीत आणि टाटा स्मारक रुग्णालयात मिळून विकसित झालेल्या, रक्ताच्या काही कर्करोगांवरच्या पेशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. आयआयटीतूनच निघालेल्या एका कंपनीनं तो बाजारात आणला. परदेशात असाच उपचार कोट्यवधी रुपयांना पडतो. इथे तो त्याच्या लहानशा हिश्श्यात मिळू लागला. अर्थात तोही सामान्य घराला सोसणारा नाहीच. पण पवईतल्या प्रयोगशाळेपासून परळच्या खाटेपर्यंतचा रस्ता अशाच कागदांवरून जातो. शोध कोणाचा, परवाना कोणाला, किती वर्षांचा, कुठल्या अटीवर. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या विद्यापीठानं परवाना देताना किमतीची अट घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि आपलं धोरण, वाटणीच्या टक्क्यांसकट, मराठीतूनही प्रवेशपुस्तिकेत छापावं. चार पानं जास्त लागतील.

मुलांना मी आणखी एक सांगत असे. मालकी तुम्ही सहीनिशी देऊन टाकलीत, तरी शोध लावणारा म्हणून आपलं नाव पेटंटवर असावं, हे मागता येतं. आपल्या कायद्याचं २८ वं कलम त्यासाठीच आहे. त्यानं पैसा मिळत नाही, मालकी मिळत नाही, नुसतं नाव लागतं. नाव वगळलं गेलं असेल, तर मागणी पेटंट मंजूर होण्यापूर्वी करावी लागते. त्यासाठी अर्ज झाला आहे हे आधी कळायला हवं. अर्ज साधारण १८ महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध होतात. ते दर शुक्रवारी निघतं, संगणकावर फुकट वाचता येतं. ज्यांच्या घरात कोणी संशोधन करत असेल, त्यांनी अधूनमधून त्यात आपल्या मुलामुलींची नावं शोधून पाहायला हरकत नाही.